घरबांधणीतील पांढरा संगमरवर

घराची फरशी, जिन्याच्या पायऱ्या, देव्हारा, खिडक्यांच्या चौकटी, न्हाणीघराच्या भिंती आणि क्वचित स्वयंपाकघरातील ओटा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या, झिलई घेणाऱ्या पांढऱ्या कार्बोनेटी दगडाला व्यवहारात पांढरा संगमरवर म्हटले जाते. भारतीय बाजारात मकराना, अंबाजी, बांसवाडा, अगरिया, मोरवड हे देशी, तर कॅरारा, स्टॅच्युआरिओ, कॅलकाटा, थासोस, सिवेक, व्हिएतनाम व्हाइट हे आयात केलेले प्रकार प्रामुख्याने आढळतात. यांतील बहुतेक नावे खाणीच्या किंवा गावाच्या नावावरून पडलेली आहेत. दगड घरात कसा टिकेल हे मात्र त्यातील खनिज, कणांचा आकार, सच्छिद्रता आणि लोहाचे प्रमाण यांवर अवलंबून असते. एकाच नावाच्या दोन ठोकळ्यांत या बाबतीत मोठा फरक असू शकतो. उलट, अगदी वेगळ्या देशांतून आलेले दोन दगड गुणधर्मांनी जवळपास सारखे असू शकतात.

नाव व व्याख्या

‘संगमरवर’ हा शब्द फारसी ‘संग-ए-मर्मर’ या शब्दापासून आला. ‘संग’ म्हणजे दगड. ‘मर्मर’चे मूळ ग्रीक भाषेत असून त्या मूळ शब्दाचा संबंध चकाकणाऱ्या दगडाशी जोडला जातो. भूविज्ञानात संगमरवर म्हणजे चुनखडक किंवा डोलोमाइट खडक यांवर भूगर्भातील उष्णता व दाब यांचा परिणाम होऊन, मूळचे कण नव्याने स्फटिकरूप पावून तयार झालेला रूपांतरित खडक. या प्रक्रियेत मूळ खडकातील शंखशिंपल्यांचे अवशेष व थरांच्या खुणा बहुधा पुसल्या जातात आणि एकमेकांत घट्ट गुंतलेल्या स्फटिकांची जाळी तयार होते.

बाजाराची व्याख्या याहून बरीच सैल आहे. झिलई घेणारा जवळपास कोणताही मऊ दगड तेथे ‘मार्बल’ म्हणून विकला जातो. राजस्थानातील केसरियाजीचा हिरवा ‘मार्बल’ वस्तुतः सर्पेंटाइन खडक आहे. भारतात लोकप्रिय असलेला फिकट मलईरंगी ‘बोत्तिचिनो’ इटलीतलाच, पण तो चुनखडक आहे. ‘इटालियन मार्बल’ हे शब्दही आता देशाऐवजी दर्जा सुचवण्यासाठी वापरले जातात आणि त्या नावाखाली तुर्कस्तान, स्पेन, ग्रीस येथील दगडही विकले जातात. म्हणून पावतीवर केवळ ‘इटालियन’ असे लिहिलेले असल्यास त्यावरून ग्राहकाला फारसे काही कळत नाही.

पांढरेपणाचे कारण

शुद्ध कॅल्साइट व शुद्ध डोलोमाइट ही दोन्ही खनिजे रंगहीन असतात. प्रकाश स्फटिकांमध्ये काही अंतर आत शिरतो, कणांच्या असंख्य सीमांवर विखुरतो आणि परत बाहेर येतो. त्यामुळे दगड पांढरा दिसतो. संगमरवराची खोली असलेली, काहीशी पारभासी झळाळी याच कारणाने निर्माण होते. चुना किंवा रंग दिलेल्या पांढऱ्या भिंतीला ती येत नाही. मूर्तिकारांना हा दगड मानवी त्वचेसारखा वाटतो तो यामुळेच.

रंग येतो तो अशुद्धीमुळे. ग्राफाइटच्या रूपातील कार्बनमुळे करड्या शिरा उमटतात, लोहाच्या ऑक्साइडांमुळे पिवळी, सोनेरी किंवा तांबूस छटा येते, तर काही सिलिकेट खनिजांमुळे हिरवट झाक दिसते. लोह हा यांतला सर्वांत फसवा घटक होय. खाणीतून काढताना दगड पांढराशुभ्र दिसतो; पुढे ओलावा व हवा लागून आतील लोहयुक्त खनिजांचे ऑक्सीकरण होते आणि काही वर्षांत फरशीवर पिवळसर डाग उठतात. अथेन्समधील पार्थेनॉनच्या पेंटेलिक संगमरवराला आलेली मधाळ छटा हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मंदिरावर ती शोभते. दिवाणखान्यात मात्र ती तक्रारीचे कारण बनते.

कॅल्साइटी व डोलोमाइटी संगमरवर

पांढऱ्या संगमरवरांची तुलना करताना सर्वांत उपयोगी पडणारी विभागणी देशी-विदेशी ही नसून कॅल्साइटी-डोलोमाइटी ही आहे. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. मोस काठिण्यश्रेणीत कॅल्साइटाचे स्थान ३, तर डोलोमाइटाचे ३.५ ते ४ आहे. कॅल्साइटाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७१ आणि डोलोमाइटाचे सुमारे २.८५ असते. आकड्यांतला हा फरक किरकोळ वाटला तरी आम्लाच्या बाबतीत तो स्पष्ट होतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास कॅल्साइटी दगड लगेच फसफसतो. डोलोमाइटी दगडाची पूड केल्याशिवाय त्यावर फारशी प्रतिक्रिया दिसत नाही.

मकराना, अंबाजी, कॅरारा, स्टॅच्युआरिओ व कॅलकाटा हे कॅल्साइटी आहेत. राजसमंद जिल्ह्यातील बहुतेक पांढरे दगड, ग्रीसचा हिमशुभ्र थासोस आणि उत्तर मॅसिडोनियाचा सिवेक हे डोलोमाइटी आहेत. डोलोमाइटी दगड ओरखडे व आम्ल यांना थोडा अधिक तग धरतो. त्याची झिलई मात्र अनेकदा काहीशी थंड, खडूसारखी दिसते, आणि कॅल्साइटाची मऊ आभा त्यात कमी असते. सौंदर्य व टिकाऊपणा यांची ओढाताण येथूनच सुरू होते. तरीही दोन्ही प्रकार ग्रॅनाइटच्या तुलनेत मऊच आहेत: ग्रॅनाइटातील फेल्डस्पाराचे काठिण्य ६ व क्वार्ट्झाचे ७ आहे. चपलेला चिकटून आलेल्या वाळूत क्वार्ट्झच असते. ती कोणत्याही संगमरवरावर ओरखडे पाडते.

मकराना

मकराना हे राजस्थानातील गाव दीर्घकाळ नागौर जिल्ह्यात होते. २०२३ पासून ते डीडवाना-कुचामन जिल्ह्यात आहे. ताजमहालासाठी येथूनच संगमरवर नेण्यात आला. शाहजहानने आमेरचा राजा जयसिंह याला दगड व तो वाहून नेण्यासाठी गाड्या पुरवण्याविषयी पाठवलेली फर्माने उपलब्ध आहेत. १९२१ साली खुले झालेले कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियलही मकरानाच्या दगडाचे आहे. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने २०१९ मध्ये मकराना संगमरवराला जागतिक वारसा दगडाचा दर्जा दिला. हा मान मिळवणारा तो भारतातील पहिला दगड होय. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

हा दगड जवळपास शुद्ध कॅल्साइटाचा असतो. त्यातील कण घट्ट गुंतलेले असल्याने पाणी शोषण्याचे प्रमाण अतिशय कमी राहते, आणि चांगल्या प्रतीत लोहही नगण्य असते. यामुळे त्यात रेझिन भरण्याची किंवा मागून जाळी लावण्याची सहसा गरज पडत नाही. जुन्या हवेल्यांतील व मंदिरांतील मकराना फरशा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिल्या, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या घट्ट विणीला जाते. जयपूरच्या मूर्तिकारांनीही हाच दगड पसंत केला. महाराष्ट्रातील अनेक देवळांत व देवघरांत दिसणाऱ्या जयपुरी संगमरवरी मूर्ती हे त्याचेच फलित.

मात्र मकराना हे एकजिनसी नाव नाही. डुंगरी, अलबेटा, कुमारी, उलोडी अशा अनेक खाणपट्ट्यांतून शुभ्र, करड्या पट्ट्यांचा, तपकिरी झाकेचा व गुलाबी असा वेगवेगळा दगड निघतो. शुद्ध शुभ्र दगड या सर्वांत दुर्मीळ असून त्याचे मोठे, निर्दोष ठोकळे आणखी दुर्मीळ आहेत. शेकडो वर्षांच्या खोदकामामुळे काही खाणी फार खोल गेल्या आहेत. परिणामी मकरानाच्या लाद्या आयात केलेल्या स्लॅबपेक्षा आकाराने बहुधा लहान असतात आणि फरशीत सांधे जास्त येतात. अखंड भासणारी फरशी हवी असणाऱ्यांना ही अडचण वाटते.

‘मकराना कधीच पिवळा पडत नाही’ हे विक्रेत्यांचे वाक्य अर्धसत्य आहे. लोह कमी असल्याने तो आतून पिवळा पडण्याची शक्यता कमी असते; परंतु खालून सतत ओल येत असेल किंवा वरून धूळ व काजळी बसत असेल तर कोणताही दगड मलिन होतो. आग्र्याच्या प्रदूषणाने ताजमहालही पिवळसर झाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला त्यावर मुलतानी मातीचा लेप देऊन तो स्वच्छ करावा लागला.

राजस्थान व गुजरातमधील इतर प्रकार

राजसमंद जिल्ह्यातील राजनगर, अगरिया व मोरवड येथील डोलोमाइटी दगड देशात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. अगरिया बराच शुभ्र असतो. मोरवडच्या दगडात फिकट करड्या व कधी हिरवट रेषा दिसतात. बांसवाड्याच्या पांढऱ्या दगडात करड्या-जांभळट रेघा असतात. गुजरातमधील बनासकांठा जिल्ह्यात अंबाजीजवळ निघणारा कॅल्साइटी दगड कोरीवकामास अनुकूल असल्याने मंदिरनिर्मितीत त्याला मान आहे. अबूच्या दिलवाडा मंदिरांसाठी दगड अंबाजीजवळच्या आरासुर डोंगरांतून आणल्याचे मानले जाते. त्यांतील विमल वसही १०३१ मधली आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टाने व्यापलेला असल्याने येथे बांधकामाला काळा पाषाण व फरशीला कर्नाटकातील शहाबादचा चुनखडक, म्हणजेच शहाबादी फरशी, हे दगड रूढ झाले. नागपूर-भंडारा परिसरातील सौसर गटाच्या खडकांत संगमरवर व डोलोमाइट आढळतात. तरीही मराठी घरातला पांढरा संगमरवर जवळपास नेहमीच बाहेरून आलेला असतो. अजमेर जिल्ह्यातील किशनगढ ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. तेथे दगड कापताना निघालेल्या पांढऱ्या गाळाचे विस्तीर्ण मैदान तयार झाले असून बर्फाच्छादित प्रदेशाचा भास होत असल्याने तेथे चित्रीकरणे होतात. प्रत्यक्षात ते कापणीतील नासाडीचे व धुळीच्या प्रश्नाचे दृश्य आहे.

कॅरारा व त्याची भावंडे

इटलीच्या टस्कनी प्रांतात अपुआन आल्प्स पर्वताच्या कुशीत कॅरारा हे शहर आहे. रोमन काळापासून येथे खाणी चालतात. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला ‘डेव्हिड’ याच दगडाचा आहे. येथील दगडाचे व्यापारी प्रकार रंग व शिरांनुसार केले जातात. ‘बियांको कॅरारा’ची पार्श्वभूमी किंचित करडी असून तीवर बारीक, विस्कळीत शिरा असतात, तो तुलनेने मुबलक व स्वस्त आहे. ‘स्टॅच्युआरिओ’ अधिक पांढरा असून त्यात ठळक करड्या शिरा विरळ अंतराने येतात. नावाप्रमाणे तो मूळचा पुतळ्यांचा दगड. ‘कॅलकाटा’त पांढऱ्या पार्श्वभूमीवर रुंद करड्या व सोनेरी शिरा असतात. त्याच्या नावाचा कोलकात्याशी संबंध जोडण्याचा मोह मराठी वाचकास होऊ शकतो, पण हा दगड कॅरारा परिसरातलाच आहे.

या तिघांची रासायनिक घडण जवळजवळ सारखी असते. किमतीतील प्रचंड तफावत मुख्यतः शिरांची मांडणी व दुर्मीळता यांची असते. जास्त किमतीचा स्लॅब अधिक टिकाऊ असेल असे समजण्यास आधार नाही. किंबहुना ठळक शिरांचा कॅलकाटा शिरांच्या बाजूने तडकण्याचा धोका अधिक. म्हणून अशा स्लॅबांना मागून काचतंतूंची जाळी चिकटवतात व भेगांत इपॉक्सी रेझिन भरतात. ही प्रक्रिया लबाडीची नाही. तिच्यावाचून मोठे स्लॅब प्रवासात टिकले नसते. पण रेझिन उन्हाने पिवळे पडते. त्यामुळे गच्ची किंवा भर उन्हाच्या खिडकीजवळ असे दगड लावणे योग्य ठरत नाही.

उन्हाचा आणखी एक परिणाम कॅल्साइटाच्या स्वभावातच आहे. तापल्यावर कॅल्साइटाचा स्फटिक एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनात किंचित आकुंचन पावतो. वारंवार तापणे व निवणे घडल्यास कणांचे परस्परांशी असलेले बंध सैल होतात आणि पातळ लादी हळूहळू वाकते. शिकागोतील अमोको इमारतीवर १९७० च्या दशकात लावलेल्या कॅरारा लाद्या अशाच वाकल्या. १९९० ते १९९२ या काळात त्या सर्व काढून तेथे ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकी येथील फिनलंडिया सभागृहाच्या बाहेरील कॅरारा लाद्यांचीही तीच गत झाली. घराच्या आत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, पण बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर पातळ कॅल्साइटी संगमरवर लावण्यापूर्वी ही दोन उदाहरणे लक्षात घेण्याजोगी आहेत.

थासोस, सिवेक व व्हिएतनाम

ग्रीसच्या थासोस बेटावरील हिमशुभ्र दगडात शिरा जवळपास नसतात. तो ऊन मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो. मक्केतील मशीद-अल-हरामच्या मोकळ्या प्रांगणात काबेभोवती तो वापरलेला आहे, आणि कडक उन्हातही तेथील फरशी अनवाणी पायांना सोसते. सिवेक उत्तर मॅसिडोनियातील प्रिलेपजवळ निघतो. त्याचे कण बारीक असतात. व्हिएतनामच्या उत्तर व मध्य भागातून येणारा पांढरा दगड मोठ्या, साखरेच्या दाण्यांसारख्या चमकणाऱ्या कणांचा असतो. तो एकसारखा शुभ्र व तुलनेने परवडणारा असला तरी मोठ्या कणांमुळे त्याच्या कडा चटकन झडतात. पायऱ्यांच्या कडांना हा दोष विशेष जाणवतो.

स्वयंपाकघर व देवघर

संगमरवराविषयीच्या बहुतांश तक्रारी दोन वेगळ्या गोष्टींच्या गल्लतीतून येतात: डाग आणि झिलई उडणे. डाग म्हणजे रंगीत द्रव छिद्रांतून आत शिरणे. हळद, तेल, कुंकू, चहा, झेंडूच्या पाकळ्या यांचे डाग पडतात. झिलई उडणे म्हणजे आम्लाने पृष्ठभागाचा पातळ थर विरघळून तेथे निस्तेज ठिपका उरणे. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, ताक व व्हिनेगर यांमुळे हे काही मिनिटांत घडते. तेथे रंग नसतो, म्हणून कितीही पुसले तरी ठिपका जात नाही. तो घासून पुन्हा झिलई द्यावी लागते.

दगडात मुरवले जाणारे संरक्षक द्रव डागांना अडथळा करतात, पण आम्लापासून दगडाला वाचवत नाहीत. विक्रीच्या वेळी ही बाब क्वचितच सांगितली जाते. मराठी स्वयंपाकात आंबट पदार्थांचे स्थान पाहता रोजच्या ओट्यासाठी पांढरा संगमरवर, मग तो कितीही महाग असो, गैरसोयीचा ठरतो. तेथे ग्रॅनाइटच श्रेयस्कर. देव्हाऱ्याच्या बाबतीतही पंचामृतातील दही, समईचे तेल आणि चिंचेने घासलेल्या तांब्या-पितळेच्या उपकरणांचे पाणी यांमुळे दगड निस्तेज होतो. पूजेचे ताम्हन थेट दगडावर न ठेवता पाटावर ठेवण्याची जुनी रीत या दृष्टीने हिताची आहे. न्हाणीघरात सर्वाधिक नुकसान शौचालय साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवांनी होते.

निवड व पारख

भारतीय मानक आयएस ११३० नुसार संगमरवराचे जलशोषण वजनाच्या ०.४ टक्क्यांहून अधिक नसावे आणि काठिण्य किमान ३ असावे. अमेरिकी मानकात जलशोषणाची मर्यादा ०.२० टक्के आहे. मोठ्या खरेदीत प्रयोगशाळेचा अहवाल मागता येतो. लहान खरेदीत नमुन्याचा तुकडा घरी आणून काही साध्या चाचण्या करणे शक्य असते. झिलई नसलेल्या मागील बाजूवर पाण्याचा थेंब ठेवून तो किती वेळात मुरतो ते पाहावे. एका कोपऱ्यावर लिंबाचा रस पाच-दहा मिनिटे राहू द्यावा: कॅल्साइटी दगड लवकर निस्तेज होतो, डोलोमाइटी उशिरा. पोलादी सुरीच्या टोकाने ओरखडा उमटत नसेल तर तो संगमरवरच नाही. बहुधा क्वार्ट्झाइट किंवा कृत्रिम दगड असतो. संपूर्ण स्लॅब ओला करून वाळू दिल्यास भेगांत पाणी अधिक वेळ राहते आणि त्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. स्लॅबची मागील बाजू न दाखवणारा विक्रेता टाळावा.

संगमरवरासारखी दिसणारी कृत्रिम क्वार्ट्झ पाटी आम्लाला दाद देत नाही, पण तिच्यातील रेझिन उष्णतेने व उन्हाने खराब होते. ती कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यास बंदी घातली.

बसवणी व निगा

पांढरा संगमरवर पारभासी असल्याने त्याखालच्या गिलाव्याचा रंग वर दिसतो. करडे सिमेंट, लोहयुक्त वाळू व अपुरे वाळलेले गच्च यांमुळे फरशी महिन्याभरात डागाळू शकते. म्हणून पांढरे सिमेंट किंवा पांढरे चिकटद्रव्य वापरतात आणि दगड बसवण्यापूर्वी खालचा थर पूर्ण वाळू देतात. तळमजल्यावर ओल अडवणारा थर घालणे आवश्यक असते. अनेक ठिकाणी दगडाला दिलेला दोष वस्तुतः जमिनीतील ओलीचा असतो. फरशी बसल्यावर हिऱ्याच्या घासणचकत्यांनी टप्प्याटप्प्याने झिलई करतात. पूर्वी शेवटच्या टप्प्यात ऑक्झॅलिक आम्लाची पूड सर्रास वापरली जाई व काही कारागीर आजही वापरतात.

रोजच्या स्वच्छतेसाठी साधे पाणी व आम्ल किंवा क्षार नसलेला सौम्य साबण पुरतो. दारात जाड पायपुसणे ठेवल्याने वाळूचे ओरखडे बरेच कमी होतात. हळदीचा डाग उन्हाने फिका होतो. तेलाचा डाग मुलतानी माती किंवा खडूची पूड ओली करून तिचा लेप रात्रभर ठेवल्यास वर ओढला जातो. एका लेपाने तो न गेल्यास लेप पुन्हा द्यावा लागतो. जाड लादीची फरशी अनेक वेळा घासून नव्यासारखी करता येते. व्हिट्रिफाइड टाइलचा छापील थर एकदा झिजला की ती बदलण्यावाचून पर्याय नसतो. मागे जाळी लावलेला पातळ आयात स्लॅब आणि अठरा मिलिमीटरची मकराना लादी यांत निवड करताना हा फरकही किमतीत धरावा लागतो.